एकाच आडनावाच्या दोघी

माझा प्रबंध रानभाज्यांवर होता, आणि तो वेळेत पुरा होणार नाही यावर माझ्याखेरीज घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. मुदत आधीच वाढवून झाली होती. आता वाढणार नाही, असं विद्यापीठाने स्वच्छ कळवलं होतं. जूनअखेर प्रबंध जमा केला नाही, तर डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून केलेली माझी इतक्या वर्षांची पायपीट पाण्यात. नवरा म्हणायचा, "एवढा जीव काढून काय मिळणार आहे तुला?" मी म्हणायचे, "तू जेव गप."

मी राहते डहाणूला, शिकवते तलासरीच्या कॉलेजात. लॅपटॉप जुना. तीनशे पानांची फाइल उघडली की त्याचा पंखा घरघरायला लागायचा, आणि कुठे एखादा संदर्भ घालायला जावं तर पडदा पांढराफटक. त्यात तलासरीला दिवसातून चार वेळा लाइट जाणार, लाइट गेली की नेट जाणार, नेट गेलं की संदर्भ शोधणारं ते सॉफ्टवेअर मेल्यासारखं पडून राहणार. एकदा स्टाफरूममध्ये मी लॅपटॉपला चार शिव्या हासडल्या. नेमके प्राचार्य दारात उभे होते.

माझी धाकटी बहीण मुंबईत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एका रविवारी आम्ही दोघी घोलवडला बाबांच्या वाडीत जमलो होतो. शेडमध्ये चिकू निवडायचं काम चाललं होतं, बाबा व्यापाऱ्याशी फोनवर गुजरातीत घासाघीस करत होते, आणि मी एका खोक्यावर लॅपटॉप ठेवून कपाळाला हात लावून बसले होते. तिने तो ओढून घेतला, सगळं बंद केलं आणि एक काळी खिडकी उघडली. चित्र नाही, बटण नाही, नुसती लुकलुकणारी रेघ.

"हे काय गं? बिघडवलास ना?"

"ताई, तुला काम हवंय की शोभा?"

तिने मला समजावलं ते असं. माझे सगळे संदर्भ, म्हणजे पुस्तकं, लेख, पाड्यांवर घेतलेल्या मुलाखती, एकाच साध्या फाइलमध्ये ठेवायचे. प्रत्येकाला एक छोटी खूण. लिहिताना काळ्या खिडकीत एक हुकूम आणि एखादा शब्द टाइप करायचा, की त्या शब्दाचे सगळे संदर्भ ओळीने समोर येतात. बाण खालीवर करून हवा तो निवडायचा, एंटर दाबला की त्याची खूण मजकुरात जाऊन बसते. शेवटी मशीन स्वतःच सगळी नावं काढून संदर्भसूची लावून देतं. नेट नको, काही नको.

"हुकमाला नाव काय देऊ?" तिने विचारलं.

"आण."

"आण?"

"हो. आण म्हटलं की आणायचं. उगाच प्रश्न नकोत."

ती खो खो हसत सुटली. "भावोजींना लावलेली सवय मशीनलाही लावणार तू!"

पण खरं सांगते, त्या 'आण'ने मला वेड लावलं. 'आण टाकळा' म्हटलं की टाकळ्याचे सगळे संदर्भ हजर. 'आण भारंगी', हजर. कोसबाडच्या कृषी केंद्रात बसून जुन्या पुस्तिकांतून उतरवून आणलेलं, विसरूनही गेलेलं काहीबाही पटकन समोर यायचं. लाइट गेली तरी बॅटरीवर माझं चालूच. स्टाफरूममध्ये मला 'हॅकरबाई' म्हणायला लागले. म्हणा, म्हटलं. मे संपायच्या आत शेवळांचं प्रकरण पुरं झालं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

शेवळं म्हणजे जूनच्या तोंडावर जंगलात उगवणारे लांबट कोंब. चवीला अप्रतिम, पण नीट शिजली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणून त्यांच्यात काकड घालतात. काकड ही जंगलातल्या झाडाची हिरवी, आंबट, बोराएवढी फळं. बाजारात शेवळांच्या जुडीशेजारी काकडाचा वाटा ठेवलेलाच असतो.

माझी एक पद्धत होती. प्रकरण लिहून झालं, की ज्यांनी सांगितलं त्यांच्यात बसून ते मोठ्याने वाचून दाखवायचं. मुंबईतल्या माझ्या मार्गदर्शक सरांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा. मला नाही वाटायचा. तशी मी शेवळांचं प्रकरण घेऊन अच्छाडच्या अलीकडच्या एका पाड्यावर गेले. हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न तिथपर्यंत ऐकू येतात. तिथे एका अंगणात दोन जावा राहतात. मध्ये कुडाची भिंत, दोन चुली. चुली वेगळ्या झाल्यापासून दोघींची बोलाचाली बंद, आणि एकमेकींच्या चुलीवरचं दोघीही खात नाहीत. थोरलीला मी मावशी म्हणते. ती म्हणजे पाड्याची तोफ. धाकटी अगदी तिच्या उलट. त्या दिवशी सगळ्या बाया जमल्या, धाकटी तेवढी आपल्या दारात पाठमोरी बसून शेवळांच्या जुड्या बांधत होती.

मी वाचत होते. वाचता वाचता आलं, "शेवळं चिंचेच्या कोवळ्या पाल्यात उकडून पाणी फेकलं की खाजत नाहीत, काकड लागतच नाही." आणि पुढे सांगणारीचं नाव. मावशीचं.

"थांब," मावशी म्हणाली. "कोण बोलली असं?"

"तुम्ही."

"मी? काकडाशिवाय शेवळं? मी?" ती उठूनच उभी राहिली. "अगं बाय, माझ्या माहेरात कळलं तर मला दारात उभी करायचे नाय! काय लिवलंस हे? मोठं पुस्तक करतंस आन माझ्या तोंडात दुसरीचं बोलणं घालतंस?"

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मावशीने हनुवटीनेच कुडाकडे खूण केली. "असं ती रांधते. तिचं तिला दे. मला नको."

कुडापलीकडे जुड्या बांधणारे हात थांबले होते. पण धाकटीने मान वळवली नाही.

घरी येऊन मी काळी खिडकी उघडली आणि 'आण शेवळं' म्हटलं. खाली ओळी आल्या, आणि चूक समोरच होती. पाड्यावर सगळ्यांचं आडनाव एकच. तिथल्या मुलाखती सगळ्या एकाच वर्षातल्या. मी खुणा केल्या होत्या पुस्तकांना करतात तशा, आडनाव आणि साल. सारख्या आल्या की मशीन नुसतं मागे अ, ब, क लावत होतं. पडद्यावर तेच आडनाव, तेच साल, तेच आडनाव, तेच साल. सगळ्यांत वरची ओळ मावशीची, आणि मी वेगाच्या धुंदीत दर वेळी वरच्या ओळीवर एंटर मारत गेले होते. धाकटीचंच काय, पाड्यावरच्या जवळजवळ प्रत्येकीचं बोलणं मी मावशीच्या खात्यावर टाकलं होतं. आणि हे एकाच प्रकरणात नाही. मुलाखती जिथे जिथे होत्या, तिथे तिथे.

मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी पुन्हा लॅपटॉप उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. सगळं ऐकून घेऊन सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आता खोलात जाऊ नका. सगळ्या मुलाखतींची मिळून एकच नोंद करा. 'क्षेत्रभेटीतील महिला'. परीक्षक काय पाड्यावर जाऊन विचारणार आहेत?"

माझं डोकंच फिरलं. "मग पुस्तकांचंही तसंच करू का सर? 'ग्रंथालयातील पुरुष'?"

ते म्हणाले, "मुदतीचं बघा म्हणजे झालं." मी फोन ठेवला. मुदत चुकली तर चुकली, पण एकीचं दुसरीच्या नावावर जाऊ द्यायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं ताई, रडतेस काय? खूण काय ठेवायची ते आपल्या हातात आहे. तिथे त्या बायकांना काय म्हणून हाक मारतात?"

आणि मला एकदम हसू आलं. पाड्यावर आडनावाने कोण हाक मारतंय? सासरी आलेली बाई तिच्या माहेराच्या गावावरून ओळखली जाते. अमुक गावची, तमुक गावची. कोसबाडची एक, उधव्याची एक. मावशी उधव्याची. धाकटी उंबरगावकडची, गुजरातेतून आलेली, चिंचेच्या पाल्याची रीत तिने तिकडूनच आणलेली. इतकी वर्षं मावशी सोडून बाकीच्यांना मी स्वतः तशाच हाका मारत होते, आणि लिहायला बसले की मात्र आडनाव!

मग मी पदर खोचला. प्रत्येकीची खूण पुसून माहेरच्या गावाची खूण केली. बहिणीने फोनवरून सांगून 'आण'मध्ये एक बदल करून घेतला, आता ओळीत नावाच्या पुढे त्या बाईचं पहिलं वाक्यही दिसायला लागलं. म्हणजे डोळा चुकला तरी वाक्य टोकेल. आणि मग सुरुवात. मोबाइलवरचं एकेक रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं, आवाज ओळखायचा, तो मजकूर शोधायचा, चुकीची खूण काढायची, 'आण' म्हणायचं, खात्री करायची, एंटर. पुन्हा पुढचं. लहानपणी आई आम्हाला चिकू निवडायला बसवायची. सगळे सारखेच दिसतात गं, म्हटलं की म्हणायची, हातात घेऊन बघ. तसंच होतं ते.

कॉलेजच्या आधी, कॉलेजच्या नंतर, तलासरीच्या जीपमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून, कानात वायरी घालून. जीपवाला विचारायचा, "मॅडम, कोणतं गाणं?" मी म्हणायचे, "कुर्डूच्या भाजीचं." मान धरली, डोळ्यांची आग व्हायला लागली. एकदा एका रेकॉर्डिंगमध्ये कोंबडी इतकी ओरडत होती की आवाज कुणाचा कळेना, म्हणून मी परत पाड्यावर जाऊन विचारून आले. नवऱ्याने टोमणे मारणं बंद केलं आणि तो खिचडी लावायला लागला. एका संध्याकाळी तो म्हणाला, "उरलेलं राहू दे की, कुणाला कळणार आहे?" मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. तो म्हणाला, "बरं बाई, पापड भाजू का?"

शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला मी प्रबंध जमा केला. खिडकीतल्या क्लार्कने सूची चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, हे एकच आडनाव पानभर आलंय. डबल प्रिंट झालंय वाटतं?"

"नाही हो," मी म्हटलं. "बायका वेगवेगळ्या आहेत. मोजून घ्या हवं तर."

त्याने शिक्का मारला. बाहेर पायरीवर बसून मी चक्क रडले.

त्यानंतर सगळ्यांत आधी पाड्यावर गेले. जाडजूड प्रत घेतली आणि लॅपटॉपही. अंगणात मावशी वाटच बघत असल्यासारखी. "माझं काढ," म्हणाली. मी 'आण' टाइप केलं, पुढे उधवा. काळ्या खिडकीत ओळ आली. मी वाचलं, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, माहेर, आणि "काकडाबिगर शेवळं खाऊच नयेत." मावशीने भोवतालच्या बायांकडे एक नजर फिरवली. "आता बरोबर," ती म्हणाली.

मग ती थोडी घुटमळली आणि कुडाकडे तोंड करून ओरडली, "ए, बाहेर ये. तुझं पण हाय."

चूल वेगळी झाल्यापासून ती धाकटीशी पहिल्यांदा बोलत होती.

धाकटी हात पुसत दारात आली. "माझं?" ती मला म्हणाली. "मी तर तुला उभ्या उभ्या सांगितलं होतं, हंडा डोक्यावर घेऊन. माझं कोण लिवणार, म्हणून त्या दिवशी आलीच नाय. आन मग ऐकलं तर माझं बोलणं हिच्या नावावर."

"आता तुमच्याच नावावर आहे," मी म्हटलं आणि वाचलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, उंबरगाव, आणि चिंचेच्या पाल्याचं ते वाक्य, तिने म्हटलं होतं तसंच.

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं.

ती आत गेली आणि एक ताट घेऊन आली. नागलीची भाकरी, त्या वर्षीची शेवटची शेवळं, चिंचेच्या पाल्यात उकडलेली. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि समोर उभी राहिली. मावशी माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होती. मी घास घेतला, दुसरा घेतला.

"खाजतंय?" मावशीने विचारलं.

"नाही."

"खोटं बोलतंस."

"शप्पथ नाही, मावशी."

मावशीने ताट आपल्याकडे ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, शेवळं घेतली आणि तोंडात टाकली. मावशी बराच वेळ चावत राहिली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.