परत आलेली मेथी

मी कारखान्यातल्या कामगारांना जेवणाचे डबे देते. आज सगळे डबे न उघडताच परत आले. कामगारांना अचानक सुट्टी दिली म्हणे. उद्याचं कुणीच काही बोलेना. एका डब्याचं झाकण काढलं आणि लसणाच्या फोडणीतल्या मेथीचा वास आला.

माझी आई पंचवटीत भाजी विकायला बसायची. जे विकलं जाणार नाही, तेच आमच्याकडे शिजायचं. त्यामुळे धंदा चांगला झाला की ताटात भाकरी आणि ठेचा, माल पडून राहिला की आमची चंगळ.

एकदा बाजार मध्येच बंद झाला आणि आई भर दुपारी मेथीचं अख्खं गाठोडं घेऊन घरी आली. उन्हाने माना टाकलेली ती मेथी तिने डाळीत घातली, बेसन लावून परतली, कोवळे देठसुद्धा बारीक चिरून भाकरीच्या पिठात मळले. घरभर खमंग वास सुटला. आम्ही बहिणी सण असल्यासारख्या जेवायला बसलो.

"आई, आज काय हाय गं?" धाकटीने विचारलं.

"काय नाय. खा पोटभर."

वाढताना आईने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत असतील, असं मला वाटलं.

आज माझा मुलगा कॉलेजातून आला आणि ताट बघून खूश झाला. "अरे वा, दोन-दोन भाज्या! आज काय विशेष?"

मी खाली मान घालून वाढत राहिले. आमच्या गॅसला तर धूरही नसतो.