मोहाच्या वासाचं पीठ

भिकुबाईचं पहिलं पीठ पोरांनी खाऊन टाकलं.

त्यात पोरांची काही चूक नव्हती. कळसाडीच्या पलीकडचं ते गाव, आणि त्या सपाटीवरच्या साऱ्याच गावांत उन्हाळा लागला की दारोदार बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा शिजतो. ज्वारीचं आंबवून दळलेलं पीठ मोठ्या पातेल्यात रटरटतं आणि गल्लीतली पोरं हातात वाट्या घेऊन भोवती बसतात. गरम घाटा, वर तेलाची धार, मग कुणी कुणाशी बोलत नाही. भिकुबाईने अंगणवाडीच्या ओट्यावर पातेल्यात पीठ हाटायला घेतलं, तसं सतरा पोरांनी आपापल्या वाट्या पुढे केल्या. ती क्षणभर आत गेली आणि बाहेर येऊन, "आरे, हाई खावानं नही शे, खेळानं शे!" असं ओरडेपर्यंत निम्मं पातेलं रिकामं झालं होतं.

भिकुबाई त्या अंगणवाडीची मदतनीस. बावीस वर्षं झाली होती. झाडायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. शिकवण्याचं काम सेविकेचं, आणि सेविका होती मयूरी. चार घरं सोडून राहणाऱ्या भिला नावाच्या शेजाऱ्याची ही मुलगी. लहानपणी याच अंगणवाडीत, याच भिकुबाईच्या मांडीवर बसून ती खिचडी खायची आणि डाळीतले मिरचीचे तुकडे वेचून भिकुबाईच्या पदरावर ठेवायची. तिची सेविका म्हणून निवड झाली तेव्हा भिकुबाईने गल्लीभर पेढे वाटले. भिलाने नाही वाटले, हिने वाटले. काही माणसांना दुसऱ्याचं लेकरू आपलं मानायची खोड असते आणि ती मरेपर्यंत जात नाही.

पिठाची कल्पना मयूरीने प्रशिक्षणातून आणली होती. मऊ, रंगीत, वासाचं पीठ पोरांच्या हातात द्या. दाबतील, लाटतील, हुंगतील, त्याने बोटं चालतात आणि बुद्धीही चालते, असं तिथे सांगितलं होतं. कागदावर कृतीही दिली होती. त्या कृतीने मयूरीने मळलेलं कच्चं पीठ दुसऱ्या दिवशी भेगाळलं आणि तिसऱ्या दिवशी असं आंबलं, की पोरांनी नाकं दाबली. भिकुबाई हसली. "मयुरी, घाटासारखं शिजाडनं पडी," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी घरून पातेलं घेऊन आली.

पहिली खेप पोटात गेल्यावर तिने मीठ वाढवलं. दोन वाट्या पिठाला चांगली एक वाटी मीठ. जीभ लावली की पोर थुंकलंच पाहिजे, हे तिचं माप. चमचाभर तेल, अर्ध्या लिंबाचा रस, उकळतं पाणी, आणि मंद आचेवर हाटत राहायचं. पीठ कडा सोडून गोळा झालं की उतरवायचं आणि चटके सोसत तेलाच्या हाताने मळायचं. पंधरा दिवस ते लोण्यासारखं राही. पिवळ्यात हळद आणि ओवा, गुलाबी बिटाचं आणि त्यात गुलाबपाणी, हिरव्यात पालकाचा रस आणि कुटलेली बडीशेप. पोरं डोळे मिटून गोळा हुंगायची आणि रंग सांगायची. ज्या बाईने बावीस वर्षं फक्त भांडी घासली, तिच्याभोवती आता पोरं गोळा होऊन बसायची, आणि तिला ते फार आवडायचं. ती हे कुणाला सांगत नसे, पण आवडायचं.

एक पोरगी तेवढी जवळ येईना. धडगावकडून ऊसतोडीला आलेल्या रूपलीबाईची गायत्री, साडेतीन वर्षांची. घरात पावरी बोलायची. मराठीही कळत नव्हती आणि अहिराणीही. महिनाभर ती दाराशी मुठी आवळून बसून होती. तिच्याकडे बघत मयूरीच एकदा म्हणाली, "मावशी, तिना घरना वास कोनता राही?" आणि स्वतः उसाच्या फडाजवळच्या झोपडीवर जाऊन रूपलीबाईला विचारून आली. येताना तिच्या ओढणीच्या गाठीत मोहाची वाळलेली मूठभर फुलं होती.

भिकुबाईने ती फुलं पाण्यात उकळली, पाणी गाळलं आणि त्यात पीठ शिजवलं. तपकिरी गोळा झाला, दिसायला गुळाच्या ढेपेसारखा. गायत्रीपुढे ठेवला. पोरीने नाक खाली नेलं, आपल्या बोलीत मोहाचं नाव घेतलं, आणि मुठी उघडून त्या पिठाच्या भाकऱ्या थापायला बसली. एक भाकरी तिने भिकुबाईच्या हातावर ठेवली. भिकुबाईला रडूच आलं. मयूरीने सगळं फोनवर टिपलं आणि गावाच्या गटावर टाकलं. व्हिडिओत भिकुबाईचे फक्त हात होते आणि आवाज मयूरीचा, पुस्तकी मराठीत: "मी हे पीठ मोहाच्या फुलांच्या पाण्यात शिजवलेलं आहे." भिकुबाईला त्या "मी"चं काही वाटलं नाही. आपलीच पोर म्हणाली, तर आपणच म्हणालो.

आता मोहाचं एक आहे. डोंगरात मोह म्हणजे खाणं, औषध, देवाचा नैवेद्य. खाली सपाटीवर मोह म्हणजे फक्त दारू. गावातल्या उखाचा नातू संध्याकाळी घरी गेला आणि त्याच्या हातांना तो वास आला. उखाने नाक लावलं आणि बोंब ठोकली, की अंगणवाडीत पोरांना मोहाची पाजतात. इतक्या पुसट वासावरून उखाने तो नेमका कसा ओळखला, हे मात्र गावात कुणी विचारलं नाही. ज्यांनी विचारायला हवं होतं, ते त्याच्यासोबतच बसणारे. तिसऱ्या दिवशी तक्रार वर गेली आणि पाचव्या दिवशी चौकशीला पर्यवेक्षिका बाई आल्या.

भिकुबाई घाबरली नव्हती. मदतनिसाची जागा जाऊ शकते, हे तिला ठाऊक होतं. नवरा गेल्यावर त्याच जागेने तिला उभं ठेवलं होतं. सुनेपुढे हात न पसरता जगता येत होतं ते त्याच जागेमुळे. पण घाबरायचं कशाला? मयूरी होती ना. मयूरीने एकच वाक्य बोलायचं होतं: फुलं मी आणली. सेविका असं म्हणाली की विषय संपला. बाई चार शब्द ऐकवतील, पुढे मोह नको म्हणतील, झालं.

पर्यवेक्षिका बाईंनी मयूरीला विचारलं, "फुलं कोणी आणली?"

मयूरीने भिकुबाईकडे पाहिलं नाही. "मला माहीत नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "पीठ मावशीच करतात. त्यात काय घालतात, मला सांगत नाहीत."

भिकुबाईला वाटलं, पोरगी गडबडली. आता सावरेल. "मयुरी," ती हळूच म्हणाली, "आवं, तूच ना लई उनी व्हती फुलं?" मयूरी टेबलावरचा कागद ओढून लिहायला लागली. जे तोंडाने बोलली, तेच तिने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, खाली सही केली, तारीख टाकली. चौकशी होईपर्यंत भिकुबाईने घरी राहावं असं ठरलं. तिने किल्ली टेबलावर ठेवली. पातेलं तिचं होतं, ते घेऊन घरी आली.

घरी सून रुपा फोन चाळून म्हणाली, "आत्या, तो व्हिडिओ गटमाईन काढी टाकेल शे. परवा सांजलेच." परवा म्हणजे बाई यायच्या दोन दिवस आधी. म्हणजे पोरगी गडबडली नव्हती. तिने दोन दिवस बसून विचार केला होता, आणि त्या दोन दिवसांत रोज सकाळी येऊन "मावशी, चहा टाक" म्हणत होती. उखाचा राग भिकुबाईला आला नाही. उखा काय, उखाच होता. पण जिला मांडीवर भरवलं, तिने केसाने गळा कापावा? त्या दिवशी भिकुबाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, कारण रुपाने ताट लावलं आणि वाढलेलं अन्न टाकायची सवय तिला नव्हती.

महिना गेला. चौकशी पुढेही सरकेना, मागेही जाईना. भिकुबाई अंगणवाडीची गल्ली सोडून लांबून दुकानात जायची. पोरं तिला पाहून धावत यायची आणि हात हुंगायची.

आणि एका दुपारी मयूरी आली. हातात वही-पेन, चेहऱ्यावर घाम. दारातच बोलायला लागली. व्हिडिओ गटातून काढायच्या आधीच कुणीतरी पुढे पाठवला होता आणि तो फिरत फिरत जिल्ह्याला पोचला होता. तिथल्या मोठ्या साहेबांना फार आवडला. स्थानिक फूल, मुलीच्या घरचा वास, असं कुणाला सुचलं नव्हतं म्हणे. आता सोमवारी नंदुरबारला मेळावा, आणि मयूरीने सगळ्यांसमोर ते पीठ करून दाखवायचं. तिने घरी तीनदा करून पाहिलं. गोळा जमेना.

"मावशी, माप सांग ना वं," ती म्हणाली. "तुनी चौकशीनं मी बोलसू साहेबशी. तुनीच शपथ. माले तव्हय भ्याव वाटना, मन्ही नवी नोकरी..."

भिकुबाईने तिला आत येऊ दिलं, बसायला पाट दिला. घरी आलेल्याला उभं ठेवत नाहीत.

"दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ," ती म्हणाली. "मीठ कमी टाकू नको, नहीते पोरे खाई टाकतीन आनि आजारी पडतीन. मंद आंच. कडा सोडं की उतार. गरम शे तवच मळ." मयूरी भराभर लिहीत होती. भिकुबाईने तेलाचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं, काही म्हणजे काही हातचं राखलं नाही.

मयूरीने पान उलटलं. "आनि मव्हाना फुलं कितला? पानीमा किती येळ उकाळाना?"

भिकुबाईने तिच्याकडे पाहिलं. पोरीने मान वर केली नव्हती. पेन कागदावर टेकवून ती आकड्याची वाट पाहत होती.

"ते तुले माहीत नही," भिकुबाई म्हणाली.

"काय?"

"मव्हानं तुले काहीच माहीत नही. तू लिखी दिन्हं शे, सही करीसन." तिचा आवाज चढला नाही. "सोमवारले साहेब इचारतीन, तव्हय बी तेच सांग. आते ऊठ. माले भाकरी टाकन्या शेतस."

मयूरी उठली नाही. भिकुबाई उठली, परात घेतली आणि तिच्याकडे पाठ करून पीठ मळायला बसली.