खांद्याच्या वरचा चौथा डाग

ओली फिल्म खिडकीसमोर धरून बिराजदार डॉक्टर म्हणाले, "पसरलंय. जीप काढायला सांगा."

फिल्म मी काढली होती. छाती कमलची. औशाकडच्या एका खेड्यातली, विशीतली बाई. आधी फ्लू झाला, मग धाप लागली, आता व्हायरल न्यूमोनिया. त्यावर आमच्याकडे औषध नव्हतं. ऑक्सिजन द्यायचा आणि रोज एक्स-रे बघायचा, एवढंच हातात.

निरोगी फुप्फुसात हवा असते, म्हणून ते फिल्मवर काळं दिसतं. सुजलं की पांढरं. काल उजवीकडं खाली थोडं पांढरं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आज तेवढंच राहिलं तर ती निभावेल, इथंच ठेवू. डावीकडं गेलं तर इथं वाचायची नाही, सोलापूरला न्यायचं. सोलापूर म्हणजे उन्हात तीन-चार तास जीप आणि ऑक्सिजनचा अर्धा सिलिंडर. तो वाटेत संपला तर दुसरा नव्हता.

आज डावीकडं तीन पांढरे डाग होते.

तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. ऑफिसांच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या, नळाला मात्र पाणी नव्हतं. दवाखान्यात टँकर यायचा, त्याचाही नेम नाही.

आमच्या लोह्याकडच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. नांदेडला बी.एस्सी. केली, मग एक्स-रेचा कोर्स. डॉक्टर मला 'बी.एस्सी.' म्हणूनच हाक मारायचे आणि मला ते आवडायचं. माझी फिल्म बिघडत नाही, हे मीच चारचौघांत सांगायचो.

दाराशी कमलचे वडील शिवलिंगअप्पा कळशी धरून बसले होते. गावाहून लेकीसाठी पाणी घेऊन आलेले.

"साहेब, न्यावंच लागंल का?"

त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी परत फिल्मकडं बघितलं. तेव्हा चौथा डाग दिसला. खांद्याच्या वर, काळ्या भागात. तिथं फुप्फुस नाही, हाड नाही, माणूसच नाही. आजार कातडीच्या बाहेर जात नाही.

डार्करूममध्ये फिल्म आधी चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये बुडवतात, मग पाण्यात, मग ते पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये. फिक्सर लागलेलं बोट कोऱ्या फिल्मला लागलं की तिथं पांढरा डाग उठतो. म्हणून हात धुवायचे. मी धुतले होते. पण बादलीतलं पाणी चार दिवसांचं होतं. रोज हात धुऊन धुऊन त्यातच निम्मं फिक्सर उतरलेलं.

"सर, थांबा. ही माझी बोटं आहेत."

डॉक्टरांनी चौथा डाग बघितला. "हा तुमचा. बाकीचे तीन खरे असले तर?"

मी ते तिन्ही डाग पुन्हा निरखले.

"परत काढा. जीप उभीच राहू द्या."

पण चांगलं पाणी कुठं होतं? मी अप्पांना खरं ते सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी कळशी उचलली.

"धरा हात. तिच्यासाठीच आणलंय."

ते ओतत होते, मी बोटं चोळत होतो. नवी फिल्म फिक्सरमधून वर काढताना मलाच धाप लागली होती. डावी बाजू काळी होती. उजवीकडं कालच्याएवढंच.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी धरल्या आणि जीप परत पाठवली. माझी भीती काही गेली नाही. आता तिला काही झालं असतं तर ते माझ्या शब्दावर झालं असतं. तीन दिवस मी काही ना काही निमित्त काढून वॉर्डात डोकावत राहिलो. तिचा श्वास मोजायचो आणि परत यायचो. चौथ्या दिवशी ती उठून बसली, भाकरी मागितली. आठवड्यानं अप्पांचा हात धरून एसटीत चढली.

मग मी त्या बादलीत हात धुऊन केलेल्या सगळ्या फिल्म बाहेर काढल्या. छात्या बघितल्याच नाहीत, फक्त कडा बघितल्या. दोन फिल्मवर माणसाच्या बाहेर डाग होते. एक मोडलेलं मनगट, तिथं डागानं काही बिघडलं नव्हतं. दुसरी एका म्हाताऱ्या माणसाची छाती. त्यांना आम्ही कमलच्या त्या फिल्मच्या आदल्या दिवशी, पांढरे डाग बघूनच सोलापूरला पाठवलं होतं.

मी ती डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती खिडकीसमोर धरली. "यातले डाग त्यांचे किती अन् तुमचे किती, बी.एस्सी.?"

ते मला आजही सांगता येत नाही. त्या म्हाताऱ्यांच्या घरातलं कुणी परत आलं नाही, त्यांचं पुढं काय झालं ते कळलं नाही. तेव्हापासून मी फिल्मच्या कडा आधी बघतो, छाती नंतर.