ताडकळसच्या बाजारात पाहिलेलं स्थळ

मल्हारला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या काखेत एक करडू होतं आणि खांद्यावर दाव्यांचा गुंता. मी त्याला विचारलं, "काय रे दादा, तुझे मालक कुठं आहेत?"

"मालक चहाला गेलेत," तो म्हणाला. "बोला की. भाव मलाबी मालूम हाय."

ताडकळसच्या बाजारात मी शेळी विकत घ्यायला आलेली बाई होते. म्हणजे तसं सांगत होते. खरं तर मी एका मुलाची चौकशी करायला आले होते. तो मुलगा करडू घेऊन माझ्यासमोरच उभा आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे स्थळ आलं की पोहे करायच्या आधी चौकशी होते. घरातला एखादा पुरुष त्या गावी जातो, पानटपरीवर उभा राहतो, इकडचं तिकडचं बोलत दहा गोष्टी काढून आणतो. माझ्या मुलीच्या, राजेश्रीच्या, पहिल्या स्थळाची चौकशी आमच्याकडून फोनवरच उरकली गेली. मुलगा पुण्यात कंपनीत आहे असं कळलं, आम्ही साखरपुडा केला, पत्रिका छापल्या. लग्नाला आठ दिवस राहिले असताना समजलं की तो वर्षभर घरीच बसून होता. लग्न मोडलं. राजेश्री दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला परभणीतल्या तिच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासायला गेली. मी मात्र त्यानंतर कुणावरच विश्वास ठेवला नाही.

म्हणून माणिकराव मध्यस्थांनी हे नवं स्थळ आणलं तेव्हा मी ठरवलं, या वेळी मी स्वतः जाणार. बायोडाटाला फोटो नव्हता, नुसतं लिहिलं होतं: मल्हार, बी.कॉम., शासकीय नोकरी, जिंतूर. गाव येलदरीच्या बाजूला. वडील मुंजाजी, दोनशे मेंढ्या आणि थोडी शेरडं. सुगी उरकली की ते कळप घेऊन पूर्णा तालुक्याकडे उतरतात आणि ताडकळसच्या बाजारात शेरडं विकतात. मुलगा ऑफिसात असेल, निदान बाप तरी बघून घेऊ, असा माझा हिशेब होता.

"तुला पोलिसातच घ्यायला पाहिजे होतं," माझे यजमान म्हणाले. ते शाळेत शिक्षक आहेत. स्वतःच्या वडिलांनी मेंढ्या राखल्या हे ते शाळेत कुणाला सांगत नाहीत.

आमच्या बायोडाटात मी राजेश्रीचं वय अठ्ठावीसऐवजी सव्वीस लिहिलं होतं आणि मोडलेल्या साखरपुड्याचा उल्लेख गाळला होता. त्याला मी खोटं म्हणत नव्हते. काळजी म्हणत होते.

सोबतीला शेजारच्या सुमनबाईंना घेतलं. त्यांचं माहेर शेतकऱ्याचं, त्यांना जनावरातलं कळतं. त्यांनी एका शेळीचा जबडा उघडून पाहिला आणि मान हलवली.

"दोन दाती हाय," मल्हार म्हणाला.

"अगं बाई! बाकीचे पडले का?" मी विचारलं.

सुमनबाईंनी मला कोपर मारलं. मल्हार माझ्याकडे क्षणभर बघत राहिला, पण हसला नाही.

"पुढचे दोन मोठे दात आले की दीड वर्साची धरायची, बाई," सुमनबाई हळूच म्हणाल्या. "शेळीचं वय तिच्या तोंडात असतं. विकणाऱ्याच्या तोंडावर कोण इश्वास ठेवतंय?"

मी विषय बदलला. "तुमच्या मालकांचा मुलगा जिंतूरला नोकरीला आहे म्हणे?"

"हाय."

"कसा आहे?"

"कसा म्हंजी? दोन हात, दोन पाय."

"तसं नव्हे. माझ्या ओळखीत एक मुलगी आहे, म्हणून विचारते."

त्यानं करडू खाली सोडलं. "खरं सांगू का ग्वाड सांगू?"

"खरं सांग."

"मंग आइका. पोरगं दारू पीत न्हाई. गुटखा खायचं, औंदा सोडलाय. परत धरील का न्हाई, आत्ताच बोलता येत न्हाई. धाव्वीला गणितात एकदा आपटलंय. राग आला की चार चार दिस बोलत न्हाई, आईनं इचारलं तरी नुस्तं हूं. आन् नोकरी..."

"नोकरीचं काय?"

"हापीस सरकारी हाय. नोकरी कंत्राटी. अकरा महिन्याचा करार. संपला की घरी यायचं. परत बोलावलं तर जायचं, न्हाई बोलावलं तर मेंढ्या हायतच. सध्या घरीच हाय."

"पण बायोडाटात तर शासकीय लिहिलंय!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते बापानं लिवलंय."

"आणि मुलगा गप्प बसला?"

"बसला," तो म्हणाला आणि दाव्याची गाठ सोडायला लागला. "त्याला लय लाज वाटायलीय. पर बसला गप." मग वर बघून त्यानं विचारलं, "आन् ती मुलगी कशी हाय?"

"गुणी आहे. सव्वीस वर्षांची."

"बरं," तो म्हणाला. वय त्यानं विचारलंच नव्हतं.

शेळी न घेता आम्ही परतलो. घरी येऊन मी जाहीर केलं, स्थळ रद्द. पुन्हा तेच, पुन्हा नोकरीचं खोटं. राजेश्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हे सगळं सांगितलं कुणी?"

"त्यांच्या गड्यानं. बिचारा फार सरळ होता गं. मालकाच्या मुलाबद्दल असं कोण बोलतं? तुझं लग्न त्या गड्याशी लावता आलं असतं तर मला घोर नव्हता."

"मग त्यांना येऊ दे," ती म्हणाली. "मुलगा स्वतः काय सांगतो ते मला ऐकायचंय."

ती मंडळी रविवारी आली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. वडील मुंजाजी आणि आई भिवराबाई यांच्या मध्ये पांढरा शर्ट घालून बाजारातला गडी बसला होता. ट्रेमधली एक ताटली घसरून खाली पडली.

"नमस्कार काकू," तो म्हणाला. ओळख असल्याचं तोंडावर कुठंच दिसू दिलं नाही. खाली वाकून त्यानं पोहे गोळा केले.

मुंजाजींनी घसा साफ केला. "तर पोराची नोकरी सरकारी हाय..."

"न्हाई बापू," मल्हार म्हणाला. "कंत्राटी हाय. करार संपलाय, नवा अजून झाला न्हाई."

मुंजाजींचा चेहरा लाल झाला. "आरं, तुझ्यापायीच लिवलं ना मी? कंत्राटी म्हणलं की कुणी दारात उभं करीना. मेंढ्या म्हणलं की तर फोनच ठिवायलेत लोक. एकोणीस ठिकाणाहून नकार आलाय, इचार तुझ्या आईला!" भिवराबाई जमिनीकडे बघत होत्या. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. पण त्या एकोणीस नकारांतले दोन-तीन आमच्यासारख्याच घरांतून गेले असणार, हे माझ्या मनातून जाईना.

तेवढ्यात राजेश्री बोलली. "मीही सव्वीसची नाही. अठ्ठावीस पूर्ण आहेत. आणि माझा एकदा साखरपुडा होऊन मोडलाय."

यजमानांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"म्हंजी दोन्हीकडूनबी!" मुंजाजी म्हणाले. "ह्याच्यापरीस शेरडं बरी की हो सर. तोंड उघडून बघता तरी येतंय."

आधी भिवराबाई हसल्या, पदर तोंडाला लावून. मग सगळेच.

ते निघताना मल्हार रिकामे ग्लास घेऊन स्वयंपाकघरात आला. मी हळू आवाजात विचारलं, "तुला कधी कळलं मी कोण ते?"

"बाजारात आल्या आल्याच. बायोडाटावर तुमचा नंबर हाय ना. व्हॉट्सअपला तुमचा फोटू दिसतो, त्यातबी हीच साडी, तवाबी हीच." मी खाली पाहिलं. खरंच तीच होती. "दोनशे मेंढ्यांतली एक बदलली तरी कळती काकू. माणसाचं काय एवढं?"

"आणि माहीत असून सगळं सांगितलंस?"

"माहीत होतं म्हणूनच. न्हाईतर तुमाला हुडकीत यावं लागलं असतं मला. इथं बापूफुडं जीभ उचलली असती का न्हाई, कुणाला ठाऊक. तिथं बाजारात बोलून बसलो, मंग इथं बोलावंच लागलं."

या उत्तरानं मला पुढे कित्येक दिवस छळलं. मी कोण हे त्याला कळलं होतं, तर मग तो सरळपणा की हुशारी? माझ्यासारखी आई अशा प्रश्नाला दोन्ही बाजूंनी कुरतडत बसते. राजेश्रीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, लपलात तर दोघंही. तू तिथं काय बोललीस ते पण आठव ना जरा."

हळूहळू त्याच्याबद्दल कळत गेलं. लहानपणी तो निम्मं वर्ष कळपामागे असे आणि निम्मं मावशीकडे शाळेत. मुंजाजी मुद्दाम दुसऱ्या कळपातली एखादी मेंढी आत सोडत आणि विचारत, "पावणी कोणती, वळख." ओळखेपर्यंत भाकर मिळत नसे. बी.कॉम. त्यानं बाहेरून केलं. ऑफिसात तो संगणकावर बसे. अर्ज लिहिता न येणारी म्हातारी माणसं बाकीच्या खिडक्या सोडून त्याच्यापुढे रांग लावत, कारण तो अर्ज भरून झाल्यावर सगळा मोठ्यानं वाचून दाखवी. "आपून काय सही केली ते त्येंला कळाया पाहिजे," हे त्याचं म्हणणं. राग आला की तो खरंच चार दिवस बोलत नाही. गुटखा अजून तरी परत धरलेला नाही. मी खिसे तपासले नाहीत, पण शर्टाचा वास घेतलाय.

दोघं दोन-तीनदा भेटली, बोलली. राजेश्री हो म्हणाली. दरम्यान त्याला ऑफिसातून बोलावणं आलं, नवा करार होणार असं कळलं. माझा जीव जरा थाऱ्यावर आला. तारीख धरली. आणि लग्नाला महिना असताना दुपारी त्याचा फोन आला.

"काकू, करार झाला न्हाई. दुसऱ्याला घेतलंय. लग्न फुडं ढकलायचं का मोडायचं, तुमी सांगा. मी नाराज हुणार न्हाई."

"राजेश्रीला सांगितलंस?"

"आदी तुमाला. तुमीच न्हाई म्हणला तर तिला उगं कशाला ताप?"

खरं सांगते, एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. 'त्या लोकांनीच नकार कळवला गं.' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. मुलीला चार दिवस वाईट वाटलं असतं आणि माझी काळजी मिटली असती. आतल्या खोलीत ती केस पुसत होती. ती काहीतरी गुणगुणत होती, आणि गेल्या दोन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं.

"नाही रे," मी म्हणाले. "हे तिला आधी सांगायचं. थांब, तिला देते."

तिनं फोन कानाला लावून त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मेंढ्या कुठं आहेत सध्या?" मेंढ्या तेव्हा झरीजवळ एका शेतात बसवल्या होत्या. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी कळप मुक्कामाला ठेवून घेतात, बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतात. "या महिन्यात असे किती मुक्काम ठरलेत? आणि तुझ्या हातात किती उरतात? बरं. रविवारी येते, बघते." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "तारीख तीच राहील, आई."

"मीही येऊ रविवारी?"

"ये ना. पण या वेळी आई म्हणून ये."

लग्न परभणीतच झालं. पहिल्या पंगतीला यजमानांच्या मावशी होत्या. त्यांनी मला हात धरून थांबवलं. "जावई काय करतात गं?"

नोकरी करतात, व्यवसाय आहे, शासकीय कामं बघतात, अशी तीन उत्तरं मी आठवडाभर घोकून ठेवली होती. तिन्ही चालली असती.

"मेंढ्या राखतात," मी म्हणाले. "दोनशे आहेत. ऑफिसात होते, तिथला करार संपला."

शेजारी यजमान वाढत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग ते मावशींना म्हणाले, "बाबा राखायचे तशाच, मावशी."

"अगं, बोलावतील परत ऑफिसात," मावशी कीव येऊन म्हणाल्या.

"नाही बोलावलं तर?" मी विचारलं.

मावशींनी जिलेबीचा तुकडा मोडला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "पण राजेश्रीचा पगार आहे ना?"

"आहे," मी म्हणाले, आणि मठ्ठ्याचं भांडं घेऊन पुढे सरकले.