कारखान्याचा खेळ

रोह्याच्या कॉलेजात मी वाणिज्य शिकवायला लागले तेव्हा पॅसेंजर गाडी रोह्यापर्यंत येऊन फार दिवस झाले नव्हते. मी पेणला राहायची. आमचा गणपतीचा कारखाना होता आणि आई गेल्यापासून घरात मी आणि वडील दोघंच. गणित शिकवणारे एक सर जित्याहून यायचे. सकाळी पेणला मी गाडीत चढायची तेव्हा ते खिडकीपाशी बसलेले असायचे. परतताना मी पेणला उतरायची, ते पुढे जायचे. आमची ओळख एवढीच होती, खेळ सुरू होईपर्यंत.

खेळाची कल्पना माझी. माझ्या वर्गातल्या मुलांना ‘भांडवल’, ‘साठा’, ‘जोखीम’ हे शब्द पाठ होते, पण त्यांतलं काही अंगाला लागत नव्हतं. म्हटलं, पुठ्ठ्यावर एक कारखाना मांडू. प्रत्येक गटाने गणपती करायचे, वाळवायचे, रंगवायचे आणि चतुर्थीच्या आत विकायचे. हिशेबाची बाजू कुणीतरी बसवून द्यायला हवी होती, म्हणून मी गाडीत सरांना विचारलं. त्यांनी विचारही केला नाही. “करू या,” म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा जो खेळ बसवला त्यात सगळं होतं. माती, साचे, मजुरी, वीज, वाहतुकीत फुटणाऱ्या मूर्ती, अगदी रंगाच्या डब्यात तळाला उरणारा रंगसुद्धा. मुलं खेळायला बसली आणि पहिली फेरी संपायच्या आत मागच्या बाकावरचा एकजण डोकं टेकून झोपला.

“सर, हा खेळ आहे की सहामाही परीक्षा?” मी विचारलं.

“धंदा असाच असतो, मॅडम.”

मग मी माझ्या पद्धतीने केला. फासे आणले, रंगीत कार्डं केली. मुंबईहून मोठी ऑर्डर आली, पुढे जा. पाऊस लागला, मागे या. वर्ग डोक्यावर घेतला मुलांनी! सर दाराशी उभे राहून बघत होते. संध्याकाळी गाडीत म्हणाले, “मजा आली. पण जो जिंकला त्याला आपण का जिंकलो ते सांगता येईना. फासा चांगला पडला, एवढंच.”

मला राग आला, कारण ते बरोबर होतं.

पुढे कितीतरी दिवस आम्ही भांडत होतो. माणूस भांडायला गाडीची वाट बघतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. नागोठणं मागे पडलं की सर पिशवीतून पुठ्ठा काढायचे, समोरच्या रिकाम्या बाकावर पसरायचे, आणि कुणी भाजीवाली बसायला आली की गुंडाळून घ्यायचे. एकदा एका बाईने विचारलं, “काय जागेचा नकाशा हाय काय?” सर गंभीरपणे म्हणाले, “व्हय, कारखाना काढतोय.” ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

एका संध्याकाळी वाद पावसाचा चालला होता. सर म्हणत होते, पाऊस ठरलेल्या महिन्यात ठरलेला तोटा करणार. मी म्हणत होते, तो अवचित यायला हवा. पेण आलं. मी उठले नाही. गाडी सुटली तेव्हा सर म्हणाले, “मॅडम, तुमचं स्टेशन!”

“माहीत आहे. आधी हे संपवू.”

जित्याच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही बसलो. मी त्यांना घरचं सांगितलं. आभाळ भरून आलं की वडील वाळत घातलेल्या मूर्तींमधून हात मागे बांधून फिरतात. बोटाने मूर्तीची पाठ चाचपतात. ओलसर आहे. आता रंगाला घ्यायची की थांबायचं? घेतली तर रंग सुटायची भीती, थांबलो तर गिऱ्हाईक जाणार. “सर, आमच्या घरात पाऊस म्हणजे हे असतं. वीज आणि मजुरी नाही आठवत कुणाला. हे आठवतं. एवढंच ठेवू, बाकीचं सोडून देऊ.”

त्यांनी पुठ्ठा मांडीवर उलगडला. मग म्हणाले, “मग पाऊस यायच्या आधी ढग दाखवायचे. ढगाचं कार्ड सगळ्यांना दिसेल. पाऊस येईल की नाही ते मात्र दिसणार नाही. ठरवायचं ज्याचं त्याने.”

मी टाळी वाजवली, चक्क फलाटावर. गाडी येताना दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, “उशीर झाला. घरी काय सांगशील?” तेवढं एकदाच ते मला अहोजाहो करायचं विसरले.

घरी वडील ओट्यावर उभे होते. “काय गो, गाडी चुकली काय?”

“नाय, जित्यापर्यंत गेले होते.”

“कशाला?”

“पावसाचं ठरत नव्हतं.”

वडिलांनी आकाशाकडे बघितलं आणि ते आत गेले.

तो खेळ वर्गात मांडला तो दिवस मला अजून दिसतो. ढगाचं कार्ड पडलं आणि सगळे पुठ्ठ्यावर वाकले. एका गटाने ओल्या मूर्ती रंगवायला घेतल्या. दुसऱ्या गटातली मुलगी म्हणाली, “आम्ही थांबतो,” आणि तिच्याच गटातली मुलं तिच्यावर तुटून पडली. मग पाऊस आला. रंगवलेल्या मूर्ती गेल्या, तशी ती मुलं हरखून तिच्याकडे बघायला लागली. हरलेला गट म्हणाला, “मॅडम, परत! एकदा परत!” तास संपल्याची घंटा झाली, कुणी उठलं नाही. सर माझ्याशेजारी उभे होते. आमच्या दोघांच्याही बोटांना खडू लागलेला होता. मला वाटलं, हा तास असाच चालू राहावा.

वर्षभराने सरांना बंगळूरला असेच खेळ करणाऱ्या एका कंपनीत बोलावणं आलं. त्यांनी मला गाडीतच सांगितलं. कासू मागे पडल्यावर म्हणाले, “तिथे दोन माणसांची जागा आहे.” ते फक्त नोकरीबद्दल बोलत होते का, हे मी विचारलं नाही. वडिलांचा हात कापायला लागला होता, डोळ्यांची आखणी त्यांना जमत नव्हती. सगळ्या मूर्तींचे डोळे मीच रेखायची. मी म्हटलं, “माझा हंगाम आहे, सर.” त्यांनी मान हलवली.  त्या दिवशी पुठ्ठा बाहेर निघाला नाही.

नंतर मी पुष्कळ खेळ केले. मिठागराचा, भाताच्या गिरणीचा, धाटावच्या कंपन्यांमधल्या लोकांसाठी शिफ्टचा. प्रत्येक वेळी एखादा नियम सुचला की वाटायचं, यावर आता कुणीतरी ‘हे खरं नाही’ म्हणायला हवं. लोक ‘छान आहे’ म्हणायचे.

मागच्या थंडीत त्यांचा फोन आला. पत्नीबरोबर गोव्याहून मुंबईला चालले होते. मी त्या दिवशी रोह्याला होते, म्हणून जवळच कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही भेटलो. केस सगळे पांढरे. त्यांनी सांगितलं, आता खेळ पडद्यावर असतात, जो तो आपापल्या घरी एकटा बसून खेळतो, हिशेब अचूक असतो. पत्नीने हसून विचारलं, “तुमचा तो कारखान्याचा खेळ तुम्ही दोघं एकमेकांशी खेळलात की नाही कधी? कोण जिंकायचं?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्ही तो कधीच खेळलो नव्हतो. नुसता बसवत राहिलो होतो.

“वेळच नाही मिळाला,” सर म्हणाले.

मिसळ संपली. त्यांनी मला परत रोह्यापर्यंत सोडतो म्हणून आग्रह केला. मी म्हटलं, एसटी येईलच इतक्यात. त्यांची गाडी हायवेला लागून वळणाआड गेली. एसटी आली तीही मी सोडून दिली, आणि हॉटेलवाल्याला आणखी एक चहा सांगितला.