आधी एक लडी

मंडळी, आज आमच्या वृद्धसेवा केंद्रात आप्पांना ताप भरला. डॉक्टरांनी बजावलं, आधी लघवीचा नमुना घ्या, मगच अँटिबायोटिक सुरू करा.

आप्पा चिडले. "ताप हाय तर गोळी दे की सिस्टर, बाटली कशाला?"

आप्पांनी जन्मभर चादरींचं सूत रंगवलं. मी विचारलं, "सगळं सूत एकदम रंगात टाकायचात का?"

"छ्या! आदी एक लडी बुडवायची, रंग बघायचा." मग स्वतःच हसले. "व्हय की. आण बाटली."

माझे बाबाही रंगारीच होते. घासूनही निळीच राहणारी त्यांची नखं आठवली. लडी बुडवल्याशिवाय त्यांनी कधी सूत रंगवलं नाही. त्यांना ताप आला तेव्हा आम्ही मात्र मेडिकलमधून गोळ्याच आणत राहिलो.

बाबा गेले. तो ताप कसला होता, ते अजून माहीत नाही.

तुमच्याही घरात असा एखादा न तपासलेला ताप आहे का?