झेंडावंदनाचा पाहुणा

इंदूबाईंनी सारी नोकरी खमरियाच्या सरकारी कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरण्यात काढली. नवरा अकाली गेला, त्याच्या जागेवर त्या लागल्या. एकुलता एक गौतम फौजेत भरती झाला तेव्हा सोबतच्या बाया म्हणाल्या, "काहून धाडलं गं त्याला?"

"गोळे मी भरायचे अन् लढायला लोकाईची पोरं पाठवायची?" इंदूबाईंनी विचारलं.

गेल्या वर्षी सीमेवर तोफा धडाडल्या तेव्हा अधारतालच्या त्यांच्या इमारतीला देशभक्तीचा तापच चढला. सोसायटीच्या ग्रुपवर गौतमचा फोटो झळकला, सेक्रेटरी शशिकांत पेढे घेऊन आला. तोफा थांबल्या आणि ताप उतरला. तिकडे डोंगरातल्या चकमकी चालूच होत्या, पण त्या टीव्हीवर दिसत नव्हत्या. हिवाळ्यात गस्तीवर सुरुंग फुटला. गौतमचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, सोबतचे दोघं जागीच गेले. इंदूबाईंनी ग्रुपवर त्या दोघांच्या नावांसकट बातमी टाकली. दोन-चार जोडलेले हात आले आणि लगेच खाली कोणीतरी विचारलं, पाण्याचा टँकर कधी येणार?

कित्येक महिने इस्पितळात काढून गौतम घरी आला. जखम पुरती भरली नव्हती, म्हणून नकली पाय बसत नव्हता. तो चाकाच्या खुर्चीवर, आणि लिफ्टपाशी पोचायला आधी इमारतीच्या दारातल्या पायऱ्या. इंदूबाई सोसायटीच्या बैठकीत म्हणाल्या, "एक उतार बांधू द्या. खर्च माझा."

"काकू, उतार केला तर गाड्यांची जागा जाते ना," शशिकांत म्हणाला. "फौजेकडून मदत मिळालीच असेल. तळमजल्याचं घर पाहा कुठं."

दुसऱ्या मजल्यावरची रोशनी हळूच म्हणाली, "आंटी, बुरा मत मानिए, बच्चे भी डर जाते हैं."

इंदूबाई उठून उभ्या राहिल्या. "त्याच्यासंग गेलेल्या दोघांची नावं सांगा. मी ग्रुपवर टाकली होती. एक तरी सांगा कोणी."

शशिकांतनं वहीचं पान उलटलं. "चलो, पुढचा विषय. पंधरा ऑगस्ट. यंदा झेंडा गौतमच्याच हातून फडकवू."

घरी आल्यावर इंदूबाई फणफणत होत्या. "नाही म्हणून सांगते मी त्यांना."

"जाऊ दे ना आई," गौतम म्हणाला. "झेंड्यानं काय बिघडवलं आपलं?"

पंधरा ऑगस्टला चौघांनी गौतमला खुर्चीसकट अलगद खाली उतरवलं. त्यानं वर्दी घातली होती. हार झाले, भाषणं झाली, शशिकांत शहिदांवर भरभरून बोलला. मग समोसे वाटले गेले. कोणी भेडाघाटला सहलीला निघालं, कोणी सासुरवाडीला. बघता बघता अंगण रिकामं झालं. चौकीदाराला सुट्टी होती. इंदूबाईंनी शशिकांतला फोन लावला. "बस्, अभी आया काकू," तो म्हणाला. मागे गाडीतली गाणी वाजत होती.

बराच वेळ दोघं उन्हात थांबली. मग गौतम खुर्चीवरून खाली घसरला, पायरीला पाठ लावून बसला आणि दोन्ही हातांवर जोर देत एकेक पायरी मागे सरकू लागला. कडक इस्त्रीची वर्दी धुळीनं माखली. इंदूबाई रिकामी खुर्ची ओढत मागून चढत होत्या.

"दुखून राहिलं का रे?"

"नाही."

वर आल्यावर त्यांनी फोन पाहिला. सलाम ठोकणाऱ्या गौतमचा फोटो ग्रुपवर आला होता, कमरेपासून खालचा भाग कापून. त्याखाली झेंड्यांची रांग लागली होती. इंदूबाईंनी ग्रुप सोडला. का सोडला, हे त्यांना कोणीही विचारलं नाही.